स्पर्धेसाठी पिस्तूल घेताय? कॅलिबर ठरवायच्या आधी हे वाचा

"पिस्तूल शूटिंग सुरू करायचंय, कुठलं कॅलिबर घेऊ?" हा प्रश्न (कॅलिबर म्हणजे नळीच्या, पर्यायाने गोळीच्या व्यासाचं माप) रेंजवर कोणी ना कोणी विचारतच असतं, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा यूट्यूबवरचे व्हिडिओ असतात, नाइन एमएम भारी की पॉइंट फोर्टी फाइव्ह भारी वगैरे. ते सगळं आधी बाजूला ठेवा. तिकडची चर्चा स्वसंरक्षणाची असते, कोणती गोळी माणसाला थांबवते त्याची. आपल्यासमोर कागद असतो, तो कुठे पळून जात नाही. त्याला फक्त बरोबर जागी भोक पडलं पाहिजे आणि तेही साठ वेळा.

दुसरी गोष्ट, जी नवीन लोकांना कोणी सांगत नाही, ती म्हणजे आपल्याकडच्या स्पर्धांमधे कॅलिबर तुम्ही निवडतच नाही. तुम्ही इव्हेंट निवडता, कॅलिबर त्याच्या मागोमाग येतं. आणि इव्हेंट ठरला की पुढचा प्रश्न पिस्तुलाचा नसून गोळीचा असतो, कुठून मिळणार, किती मिळणार, सारखी तीच मिळत राहणार का. मी तर म्हणतो पिस्तुलाचे कॅटलॉग बघायच्या आधी आपल्या क्लबच्या सेक्रेटरीला गाठून गोळ्यांचं विचारा. कपाटात सुंदर इटालियन पिस्तूल आणि डब्यात पंचवीस गोळ्या, अशी माणसं प्रत्येक रेंजवर सापडतील.

तर इव्हेंट बघू. आंतरराष्ट्रीय नियमांनी, म्हणजे आयएसएसएफ या जागतिक नेमबाजी संघटनेच्या, आणि आपल्या एनआरएआय या राष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धाही मुख्यतः त्याच नियमांवर चालतात, १० मीटर एअर पिस्तूलला ४.५ एमएम म्हणजे पॉइंट वन सेव्हन सेव्हन. २५ मीटरचा महिलांचा स्पोर्ट्स पिस्तूल, पुरुषांचा रॅपिड फायर आणि स्टँडर्ड पिस्तूल, या तिन्हीला .२२ लाँग रायफल (नावात रायफल असली तरी ही पिस्तुलात चालणारी गोळीच). ५० मीटर फ्री पिस्तूललाही .२२, पण ती २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून गेली. उरला २५ मीटर सेंटर फायर (पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या मधोमध असतो ती गोळी), तिथे ७.६२ ते ९.६५ एमएममधलं काहीही चालतं, म्हणजे .३० ते .३८. निवड म्हणावी अशी निवड फक्त या एकाच इव्हेंटमधे आहे, आणि तिथेही जवळपास सगळे जण .३२ वरच येऊन थांबतात. का ते पुढे सांगतो.

सुरुवात मात्र एअर पिस्तूलनेच करा, वय काहीही असो. लोकांना वाटतं एअर पिस्तूल म्हणजे लहान मुलांचं, "खऱ्या" पिस्तुलाच्या आधीची पायरी. प्रत्यक्षात १० मीटरवरचं दहाचं वर्तुळ साडेअकरा एमएमचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. २५ मीटरच्या प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या, टार्गेटवर ते ५० एमएम असतं. अंतराचा हिशोब लावलात तरी एअरचं वर्तुळ जास्त कडक निघतं. शिवाय छर्रा सेकंदाला १५० मीटरच्या आसपास वेगाने निघतो, म्हणजे ट्रिगर सुटल्यावर तो नळीतून बाहेर पडायला तुलनेने वेळ घेतो, तेवढ्यात हात हलला की टार्गेटवर ते लगेच दिसतं. फॉलो थ्रू, म्हणजे ट्रिगर सुटल्यावरही हात तसाच स्थिर ठेवणं, हे जितकं एअर पिस्तूल शिकवतं तितकं दुसरं कुठलंच शिकवत नाही. पॅरिसमधे २०२४ ला मनू भाकरने याच इव्हेंटमधे ब्राँझ मिळवलं, आणि सरबज्योत सिंगबरोबर मिक्स्डमधे दुसरं, आणि त्याच ऑलिंपिकला ती २५ मीटरमधे चौथी आली. म्हणजे एअर आणि .२२ या एकमेकींच्या जोडीने चालणाऱ्या गोष्टी आहेत, एअर सोडून .२२ कडे जायचं असतं असं काही नाही.

कागदपत्रांचंही सोपं. ४.५ एमएमपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीची एअर वेपन २०१६ च्या आर्म्स रूल्समधे लायसनच्या कटकटीतून बाहेर आहेत, आणि मॅचचं एअर पिस्तूल तर सहा ज्यूलच्या आसपासच असतं. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा वगैरे दुकानदार मागेल ते द्या, बिल जपून ठेवा, प्रवासात बरोबर असू द्या.

छर्ऱ्यांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात, तो छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास. तुमच्या नळीला यातला कुठला मानवतो हे कोणीही बसल्या जागी सांगू शकत नाही, मारून बघावंच लागतं. पिस्तूलसाठीचे छर्रे साधारण ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे, रायफलचे थोडे जड. फरक असतो, पण सुरुवातीला तुमचा हात जेवढा हलतो त्यापुढे तो काहीच नाही, त्यामुळे पहिलं वर्षभर मित्राच्या सल्ल्याने सगळ्यात महाग डबा घेत बसू नका, एक मध्यम ब्रँड धरा आणि तोच मारा. फक्त डोकं सपाट असलेले वॅडकटर घ्या, टोकदार नकोत, कागदावर गोल स्वच्छ भोक पडलं तरच स्कोअर नीट वाचता येतो. सेकंडहँड एअर पिस्तूल घेत असाल तर दाबाची हवा भरायच्या सिलेंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांचंच आयुष्य सांगतात, आणि पिस्तूल स्वस्तात मिळालं म्हणून खूश झालेल्याला नंतर कळतं की सिलेंडरच नवीन घ्यावा लागतोय.

आता .२२. यावर जरा जास्त बोलतो कारण पैसे आणि वर्षं इथेच जातात.

.२२ मधे सगळ्यात मोठा घोळ म्हणजे "पॉइंट टू टू" या एका नावाखाली दोन वेगळ्या गोळ्या आहेत, शॉर्ट आणि लाँग रायफल. २००४ च्या अथेन्सपर्यंत रॅपिड फायरला .२२ शॉर्ट वापरायचे, धक्का अगदी कमी म्हणून, चार सेकंदांत पाच टार्गेटवर पाच गोळ्या मारायच्या असतात ना. त्यानंतर नियम बदलला आणि तिथेही लाँग रायफल आली. झालं काय, की त्या काळातली उत्तम जर्मन आणि स्विस पिस्तुलं अजून लोकांच्या कपाटांत पडून आहेत आणि अधूनमधून विकायला येतात. वॉल्थरचं ओएसपी आणि जीएसपी शेजारी शेजारी ठेवलं तर नवीन माणसाला फरक कळणार नाही, पण ओएसपी शॉर्टचं आणि जीएसपी लाँग रायफलचं. ओएसपी हातात छान बसलं, भावही बरा वाटला म्हणून घेतलंत तर आजच्या आयएसएसएफ मॅचमधे ते चालायचं नाही, आणि गोळ्याही शोधत फिराल. नळीवर काय कोरलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका.

दुसरं, हाय व्हेलॉसिटी गोळ्यांच्या मोहात पडू नका. डब्यावर मोठा आकडा दिसला की चांगली असं काही नसतं. साधी ४० ग्रेनची, म्हणजे २.६ ग्रॅमची, स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी आवाजाच्या वेगाच्या जरा खालीच राहते आणि टार्गेट पिस्तुलांच्या स्प्रिंगा त्याच हिशोबाने बसवलेल्या असतात. जास्त वेगाची गोळी घातली की बोल्ट, म्हणजे दर शॉटला मागेपुढे सरकणारा भाग, जोरात मागे आपटतो, उसळी वाढते, आणि स्कोअर वाढत नाही तो नाहीच. उलट फार मऊ, म्हणजे कमी जोराची, गोळी घेतली तर बोल्ट पुरता मागे जात नाही, रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं नळकांडं, अर्धवट अडकते, आणि दहा सेकंदांच्या सिरीजमधे तिसऱ्या शॉटला पिस्तूल अडकलं की काय वाटतं ते ज्याचं त्याला माहीत. त्यामुळे इव्हेंटप्रमाणे विचार करा. प्रिसिजनला जरा मऊ गोळी चालेल, रॅपिडला आणि स्टँडर्डला अशी हवी जी दरवेळी बोल्ट पूर्ण फिरवते. दोन्हीला एकच गोळी जमत असेल तर सगळ्यात उत्तम, कारण उसळीचा अंदाज हाताला एकच राहतो.

गोळी तपासायची कशी? टेबलावर वाळूची पिशवी, तिच्यावर मनगट टेकवा, पिस्तुलाचा कुठलाही भाग टेकवू नका, आणि २५ मीटरवर एका प्रकारच्या दहा दहा गोळ्यांचे दोन ग्रुप मारा. पहिल्या चार-पाच गोळ्या मोजू नका कारण आधीच्या गोळीचं मेण नळीत असतं, ते बदलायला थोडं जातं. मग ग्रुप बघा. दोन्ही ग्रुप ३० एमएमच्या आत आले तर विषय संपला, दहाचं वर्तुळ ५० एमएमचं आहे, गोळी तुमचे गुण खात नाहीये, दुसरं कोणीतरी खातंय. रॅपिडच्या टार्गेटवर तर दहा १०० एमएमचा असतो, तिथे गोळीच्या अचूकतेपेक्षा ती अडकत नाही हे शंभरपट महत्त्वाचं. आणि हो, डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा. एकाच ब्रँडच्या दोन लॉटमधे फरक पडतो. आवडलेला लॉट मिळाला तर शक्य तेवढा मॅचसाठी बाजूला काढा आणि सराव देशी किंवा स्वस्त गोळीने करा. देशी .२२ मधे मधूनच एखादी कुठेतरी भलतीकडे जाते, सरावात ती ओळखता यायला लागते, पण मॅचला तो जुगार नको.

गोळी उडाली नाही तर पिस्तूल टार्गेटकडेच रोखून अर्धा मिनिट तसंच धरा, मग रेंज ऑफिसरला सांगून काढा. रिमफायरमधे, म्हणजे .२२ सारख्या काडतुसात, पेटणारा मसाला केसच्या कडेला असतो, कुठेतरी कमी भरला गेला की असं होतं. नळीत डोकावून बघणारे महाभाग असतात, त्यांच्या शेजारच्या लेनवर उभं राहू नका.

आता सेंटर फायर. हा इव्हेंट ऑलिंपिकमधे नाही पण वर्ल्ड चॅम्पियनशिपला आहे, आणि आपल्याकडे त्याला वेगळाच मान आहे. जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियन गेम्समधे इथेच ५९० मारून वर्ल्ड रेकॉर्डशी बरोबरी केली होती. फॉरमॅट महिलांच्या २५ मीटरसारखाच, तीस गोळ्या प्रिसिजन आणि तीस रॅपिड, रॅपिडमधे टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद बाजूला, आणि दर वेळी एकच गोळी.

इथे लोक विचारतात की नियमात .३८ पर्यंत चालतं तर मोठंच का घेऊ नये, भोक मोठं पडेल, रेषेला लागेल, गुण वाढेल. हुशारीचा प्रश्न आहे पण नियम बनवणारे त्याहून हुशार. सेंटर फायरमधे कागदावरचा संशयास्पद शॉट ९.६५ एमएमच्या गेजनेच, म्हणजे भोकात घालून बघायच्या मापानेच, मोजतात, गोळी कुठलीही असो. म्हणजे .३२ ने पाडलेलं भोकसुद्धा .३८ चं समजूनच मोजलं जातं. मोठ्या कॅलिबरचा तो फायदा तिथेच संपला, धक्का मात्र सगळा तुमच्या मनगटाला.

धक्क्याचा हिशोब घरबसल्या करता येतो, गोळीचं वजन गुणिले वेग. .२२ ची २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३२० मीटरने, म्हणजे साधारण ८३०. .३२ वॅडकटर ९८-१०० ग्रेनची, सव्वासहा-साडेसहा ग्रॅम, वेग २३०-२४० मीटर, म्हणजे पंधराशेच्या आसपास. .३८ स्पेशल वॅडकटर १४८ ग्रेन म्हणजे ९.६ ग्रॅम, वेग तसाच २३० च्या घरात, म्हणजे बावीसशे. नाइन एमएमची आठ ग्रॅमची गोळी साडेतीनशेच्या जवळपास वेगाने, अठ्ठावीसशे. मसाल्याच्या वायूचा धक्का यात धरलेला नाही, तुलना कळावी म्हणून सांगतोय. १४०० ग्रॅमच्या आतलं पिस्तूल, एका हातात, हात सरळ, साठ वेळा. .३२ वर सगळे का थांबतात ते आता वेगळं सांगायला नको.

तरी एक बारकावा आहे. रॅपिड भागात दर तीन सेकंदांना एकच गोळी असल्यामुळे उसळल्यावर हात किती पटकन परत येतो याला इथे फार किंमत नाही, सात सेकंद आहेत की. .३२ चा खरा त्रास वेगळा, गोळी सुटायच्या आधीच हात घाबरतो. .२२ वर वर्षानुवर्षं ५७०-५८० मारणारी माणसं .३२ हातात आली की ट्रिगर ओढताना मनगट खाली दाबतात आणि सगळे शॉट खाली, घड्याळातल्या सहा-सातच्या बाजूला जाऊन बसतात. उपाय जुनाच, मॅगझिनमधे मधेच एखादी डमी, म्हणजे न उडणारी नकली गोळी, टाकायची आणि ती कधी येईल हे स्वतःला कळू द्यायचं नाही. डमीवर पिस्तूल खाली झुकलं की दुखणं समोर दिसतं. कॅलिबर बदलून ते जात नाही.

.३२ म्हटलं की पुन्हा नावाचा घोळ आहेच. .३२ एसीपी वेगळी, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग वेगळी, एकीच्या पिस्तुलात दुसरी चालत नाही. टार्गेट पिस्तुलांना, म्हणजे पार्डिनी एचपी, मोरिनी, जीएसपी वगैरेंना, एस अँड डब्ल्यू लाँगची वॅडकटर लागते, जिची शिशाची गोळी केसच्या तोंडाबरोबर सपाट बसवलेली असते, पुढे टोक नसतंच. मॅगझिन त्याच लांबीचं बनवलेलं असतं. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरमधे जी गोल नाकाची काडतुसं चालतात, केएफ म्हणजे आपल्या खडकीचा शिक्का असलेली, ती कागदोपत्री त्याच कॅलिबरची असली तरी या मॅगझिनमधे मावत नाहीत. म्हणजे गोळी इम्पोर्टेडच लागणार, आणि ती .२२ च्या कितीतरी पट महाग. म्हणूनच म्हटलं आधी गोळीचं बघा. सेंटर फायरवाले बहुतेक जण सराव .२२ वर करतात आणि मॅचच्या आधी काही दिवस .३२ काढतात, ते काही आळशी नसतात.

नाइन एमएम आणि पॉइंट फोर्टी फाइव्हचं काय? नाइन एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमधे, म्हणजे सर्वसामान्यांना बंदी असलेल्या कॅलिबरमधे येते, तो विषय साध्या शूटरने डोक्यातून काढावा. फोर्टी फाइव्ह तर ९.६५ एमएमच्या वर जाते, म्हणजे आयएसएसएफच्या कुठल्याच पिस्तूल इव्हेंटमधे बसत नाही.

लायसनचा मार्ग थोडक्यात. आधी जिल्ह्याच्या किंवा शहराच्या रायफल क्लबचं सदस्यत्व, मग एअर किंवा क्लबच्या .२२ वर सराव, मग राज्य स्पर्धा. मुंबई-पुण्याकडच्यांसाठी कॅप्टन इझेकील स्पर्धा आणि पुढे मावळणकर ही अखिल भारतीय स्पर्धा, तिथला क्वालिफाइंग स्कोअर झाला की नॅशनल. वरळीची रेंज आणि बालेवाडी इथे कधीतरी मॅचच्या दिवशी जाऊन नुसते उभे राहा, कोण काय मारतंय ते बघा, दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कळेल. स्कोअर आणि सर्टिफिकेटं हातात आली की खेळाडू म्हणून लायसनचा अर्ज जास्त नीट उभा राहतो, शहरात पोलिस आयुक्तांकडे आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य लायसनधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, खेळाडूंना वेगळी सवलत आहे पण ती तुमच्या दर्जावर, म्हणजे रिनाउंड शॉट (नामांकित नेमबाज) आहात की अजून वाटेवर, त्यावर ठरते. इम्पोर्ट आणि गोळ्यांचा कोटाही त्याच दर्जाला जोडलेला. म्हणून .३२ चा विचार .२२ वर स्कोअर बसल्यानंतरच. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ ला चांगवॉनच्या वर्ल्ड कपचं आणि २०१८ ला एशियन गेम्सचं गोल्ड .२२ वरच मिळवलंय, या कॅलिबरमधे आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे.

परदेशातल्या मराठी मंडळींचं गणित जरा वेगळं. अमेरिकेत असाल तर तिथली बुल्सआय मॅच बघा, २७०० म्हणतात, .२२, सेंटर फायर आणि .४५ अशा तीन भागांत ९०-९० गोळ्या, सगळ्या एका हाताने, २५ आणि ५० यार्डांवर. तिथे बरेच जण सेंटर फायरचा भागही .४५ नेच मारून टाकतात, म्हणजे दोनच पिस्तुलांत काम होतं. आणि घरी गोळ्या भरणारे ढिगाने आहेत, आपल्याकडे तो विषय काढूही नका. पळत पळत मारायच्या यूएसपीएसए प्रकारात मात्र सरळ नाइन एमएम घ्या. तिथे पॉवर फॅक्टर मोजतात, गोळीचे ग्रेन गुणिले फुटांतला वेग भागिले हजार, मायनर या खालच्या गटाला १२५ लागतो, १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली की १३० येतो, आरामात पास. इंग्लंडमधे १९९७ पासून हँडगनवर बंदी आहे, तिथे एअर पिस्तूल हाच सरळ मार्ग.

शेवटचा प्रश्न हमखास येतो तो कन्व्हर्जन युनिटचा, म्हणजे एकाच फ्रेमवर .२२ आणि .३२ दोन्ही नळ्या, जीएसपीला मिळतं तसं. ग्रिप तीच, ट्रिगर तोच, हाताला नवीन काही शिकावं लागत नाही, कल्पना फार चांगली. फक्त घ्यायच्या आधी लायसनवर दुसऱ्या कॅलिबरची नोंद कशी होणार हे लायसन शाखेत लेखी विचारा, आणि युनिट बदललं की साइट पुन्हा सेट करावी लागते, किती क्लिक कुठे ते वहीत लिहून पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर युनिट राहू द्या, त्या पैशांत .२२ चा चांगला लॉट घ्या आणि ग्रिप आपल्या हाताच्या मापाची घासून घ्या.